पदवीच्या पुढे : बाबासाहेबांचे तीन निर्णय आणि आपल्या घरातला एक

दरवर्षी जून महिना जवळ आला, की आमच्या शाळेच्या कार्यालयात एक भेट ठरलेली असते. आमच्याच वसतिगृहातून दहावी होऊन गेलेला, पुढे तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी पदवी घेतलेला एखादा विद्यार्थी येतो. सोबत वडील असतात, नाहीतर मामा. अलीकडे आईही येते आणि बहुधा तीच बोलते. ख्यालीखुशाली होते, कोणत्या खोलीत राहत होता त्याची आठवण निघते आणि मग मूळ विषय निघतो. पदवी झाली. आता एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करावे, की मिळेल त्या कामाला लागावे? या प्रश्नाला आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे एकच उत्तर दिले आहे : ‘बाबासाहेबांनी किती पदव्या घेतल्या? शिका!’ उत्तर देणे आम्हांला सोपे होते. त्याची किंमत मोजणारे दुसरे होते.

शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या उत्तराचीच फेरतपासणी करावी, असे आम्हांला वाटते. इतिहास हा आमचा अध्यापनाचा विषय. ज्या महामानवाचे नाव घेऊन आपण सल्ला देतो, त्यांनी स्वतः हा निर्णय केव्हा, कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी घेतला, हे पाहिल्यावाचून त्यांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या मुलांना पाठ आहेत. जयंतीच्या फलकावर त्या त्यांच्या नावापुढे ओळीने लिहिलेल्या असतात. त्या ओळीमुळे नकळत असा समज होतो, की आगगाडीच्या डब्यांसारख्या त्या एकामागोमाग एक लागत गेल्या. प्रत्यक्षात पहिल्या पदवीपासून डी.एस्सी.पर्यंत सुमारे अकरा वर्षे गेली. मध्ये तीन वर्षांचा खंड पडला. निर्णय एकदा नव्हे, तीनदा घ्यावा लागला आणि प्रत्येक वेळी परिस्थिती निराळी, पैशाची सोय निराळी, कारणही निराळे होते.

पहिला निर्णय : करार

बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पदवी आणि लगेच नोकरी, हा क्रम आजही आपल्या कोणत्याही घराला हवासा वाटेल. परंतु थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याचे कळले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी आंबेडकर यांचे निधन झाले. बाबासाहेबांचे वय त्या वेळी बावीसही पुरे नव्हते. घरी पत्नी आणि काही आठवड्यांचे बाळ यशवंत. कर्ता पुरुष गेलेल्या घरात दहाव्या-तेराव्यालाच काय बोलले जाते, हे आपल्याला निराळे सांगायला नको : ‘शिक्षण पुष्कळ झाले, आता घराकडे बघ.’

अशा वेळी सयाजीराव गायकवाड महाराजांची अमेरिकेतील उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती समोर आली. आपण तिचा उल्लेख ‘महाराजांची मदत’ असा करून पुढे जातो. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात जो करार झाला, त्यातील अट मात्र विसरतो. शिक्षण संपवून परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करणे त्यांना बंधनकारक होते. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी आयुष्याची दहा वर्षे त्यांनी तारण ठेवली होती. ज्या तरुणाने करारावर सही केली, त्याने हिशेब केलाच असला पाहिजे. पदव्युत्तर शिक्षण हा त्याच्या दृष्टीने भावनेचा विषय नव्हता, तो व्यवहार होता आणि त्यात दोन्ही बाजूंनी देणे होते.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील त्यांच्या अभ्यासक्रमांची नोंद मोठी बोलकी आहे. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानवशास्त्राचे चार आणि राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. पदवीसाठी एवढे सगळे लागत नव्हते. सेलिग्मन, ड्यूई, गिडिंग्ज, रॉबिन्सन अशा अध्यापकांच्या वर्गात हा विद्यार्थी केवळ गुण मिळवण्यासाठी बसलेला नव्हता, हे त्या यादीवरून कळते.

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्र चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात कशी निर्माण झाली, ती टिकते कशी, ती पसरली कशी, हे तीन प्रश्न त्यात होते आणि जातिबाह्य विवाहाला असलेली बंदी हे तिचे मर्म, हे उत्तर होते. या निबंधाची आम्हांला नेहमी मोठी नवलाई वाटते. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्याने पंचविसाव्या वर्षी त्या अनुभवाविषयी एक शब्दही न लिहिता त्या अनुभवाच्या यंत्रणेविषयी लिहिले. जे आपल्या अंगावर आले, त्याकडे बाजूला उभे राहून पाहता येणे, त्याची उकल करता येणे, हे जर कोठे शिकता येत असेल, तर ते पदवीनंतरच्या शिक्षणात. पदवीपर्यंत आपण दुसऱ्यांनी काढलेली उत्तरे शिकतो. पुढे गेल्यावर प्रश्न स्वतः मांडावा लागतो.

दुसरा निर्णय : हाती पदवी नसताना

कोलंबियातील मुदत संपत आली, तेव्हा पीएच.डी.चा प्रबंध तयार झाला होता. परंतु तेथील नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याखेरीज पदवी मिळत नसे. छपाईला पैसे नव्हते. बाबासाहेब त्यासाठी थांबले नाहीत. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, नोव्हेंबरमध्ये ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवले. तो प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये, प्रबंध लिहून झाल्यानंतर अकरा वर्षांनी. जो विद्यार्थी एका गुणपत्रिकेला उशीर झाला म्हणून वर्षभर खचून बसतो, त्याला आम्ही ही तारीख सांगतो.

लंडनचा अभ्यास मात्र एका वर्षातच थांबला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार परत जावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली, एवढाच काय तो धागा शिल्लक. महायुद्ध चालू होते. सामान घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले आणि जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले.

बडोद्यात पुढे काय झाले, ते त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून आसरा घ्यावा लागला, तेथेही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावले. अमेरिका आणि इंग्लंडमधील उच्च शिक्षण घेतलेला, संस्थानचा अधिकारी असलेला माणूस सार्वजनिक बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहत होता. पालकांनी हा प्रसंग विसरू नये, असे आम्हांला वाटते. ‘शिकलास की तुला कोणी काही म्हणणार नाही,’ असे आपण मुलांना प्रेमापोटी सांगतो. ते खरे नाही. पुण्या-मुंबईच्या, दिल्ली-हैदराबादच्या विद्यापीठांत गेलेली आपली मुले सुट्टीत येतात, तेव्हा काही गोष्टी आम्हांला सांगतात आणि घरी सांगत नाहीत. उच्च शिक्षणाचे कारण म्हणून हे आश्वासन देऊ नये. त्या वाटेवर जाणाऱ्याला आधीच ठाऊक असले, तर तो अपमानाला स्वतःचा दोष समजणार नाही.

तिसरा निर्णय : नोकरी सोडून

आमच्या मते तिन्हींत हा सर्वांत अवघड आणि आपल्याला सर्वांत जवळचा. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. दरमहा साडेचारशे रुपये वेतन. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तेथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून आक्षेप घेतला होता; पण वर्गात विद्यार्थी त्यांना ऐकायला गर्दी करीत. चळवळीलाही सुरुवात झाली होती. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष झाली, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, मार्चमध्ये माणगाव येथे छत्रपती शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद झाली. नोकरी आहे, मान आहे, समाज नेता म्हणून पाहू लागला आहे. अशा क्षणी त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

या वेळी संस्थानची शिष्यवृत्ती नव्हती. प्राध्यापकाच्या पगारातून मागे टाकलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, असा जमाखर्च होता. ‘मूकनायक’ दुसऱ्यांच्या हाती सोपवावे लागले आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये होते. चळवळ की शिक्षण, असा प्रश्न आमचे कार्यकर्ते विद्यार्थी आजही विचारतात. बाबासाहेबांनी त्या वेळी शिक्षण निवडले. ती निवड फुकट झाली नाही, हे दोन्ही आपण एका दमात सांगितले पाहिजे.

एवढे सोडून ते कशासाठी गेले? १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘रुपयाचा प्रश्न’ हा डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला. ब्रिटिश सरकारचे चलनविषयक धोरण भारतीयांच्या हिताला कसे मारक ठरले, याची त्यात चिकित्सा होती. परीक्षकांना काही मांडणी रुचली नाही, ती बदलून पुन्हा देण्यास सांगण्यात आले. पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथे बसून दुरुस्त्या केल्या, प्रबंध पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. पुढे १९२५ मध्ये भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी या विषयावर साक्ष दिली. (रिझर्व्ह बँक थेट त्यांच्या ग्रंथातून जन्मली, असे आपल्या सभांत छातीठोकपणे सांगितले जाते. इतिहास इतका सरळ चालत नाही. राज्यकर्त्यांच्या आयोगापुढे त्यांच्याच विषयात त्यांच्या बरोबरीने बोलणारा अस्पृश्य समाजातला माणूस त्या काळी दुसरा नव्हता, हे पुरेसे मोठे आहे. त्याला अतिशयोक्तीची जोड कशाला?)

१९१३ मध्ये संधी चालून आली आणि त्यांनी ती उचलली. १९२० मध्ये संधी त्यांनी स्वतः, नोकरी करून, कर्ज काढून तयार केली. मध्येच थांबलेले शिक्षण म्हणजे संपलेले शिक्षण नव्हे, हा या खंडाचा अर्थ आहे. आमचा एक माजी विद्यार्थी पदवीनंतर तलाठी झाला, तेव्हा आम्ही शिक्षकांच्या खोलीत हळहळलो होतो. सहा वर्षांनी त्याने बहिणीचे लग्न आणि घराचे छप्पर ही दोन कामे उरकली आणि नोकरी सांभाळून एम.ए.ला नाव घातले. शेतजमिनीच्या नोंदी हाताळता हाताळता त्याला एक प्रश्न पडला होता : १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतने नष्ट झाली, तेव्हा आपल्या तालुक्यातील महार वतनाच्या जमिनी अखेर कोणाच्या नावावर गेल्या? बावीसाव्या वर्षी तो एम.ए.ला बसला असता, तर हा प्रश्न त्याच्याजवळ नसता.

तीन अर्पणपत्रिका

बाबासाहेबांच्या ग्रंथांची सुरुवातीची पाने आपण सहसा उलटून पुढे जातो. तेथे थोडे थांबावे. १९२३ च्या ‘रुपयाचा प्रश्न’ची अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीस आहे, त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी सोसलेल्या त्यागाबद्दल. १९२५ मध्ये निघालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ, म्हणजे कोलंबियाचा प्रबंध, सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे, शिक्षणातील साहाय्याबद्दल. आणि रमाईंना? त्यांच्या स्मृतीस ग्रंथ अर्पण झाला तो १९४० मध्ये, पाकिस्तानच्या प्रश्नावरील. रमाई त्याआधी पाच वर्षे, २७ मे १९३५ रोजी, गेल्या होत्या.

या तीन पानांकडे आम्ही हिशेबाची वही म्हणून पाहतो. शिक्षणाचा खर्च कोणी उचलला, याची ती नोंद आहे. आईवडिलांनी, राजाने आणि पत्नीने. पैशाचा खर्च पावतीवर दिसतो, रमाईंचा दिसत नाही. तो सर्वांत शेवटी नोंदला गेला आणि ज्यांचा होता त्यांना तो वाचता आला नाही. बाबासाहेबांवर टीका करावी, असा आमचा हेतू नाही. त्यांच्याइतक्या प्रामाणिकपणे ती नोंद फार थोड्या विद्वानांनी केली असेल. पण पुढे शिकायचे ठरवणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामागे एक रमाई असते. कधी ती आई असते, कधी शाळा सोडून कामावर गेलेली बहीण. तिचे नाव अर्ज भरताना घ्यावे. प्रबंध छापून होईपर्यंत थांबू नये.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही सल्ला विचारायला आलेल्या विद्यार्थ्याला कागद देतो आणि म्हणतो, अर्पणपत्रिका आधी लिही. तुझी दोन वर्षे, किंवा पुढे पीएच.डी. केलीस तर सात-आठ वर्षे, कोणाच्या जिवावर जाणार आहेत, त्यांची नावे लिही. मग शेजारी लिही, की त्यांना हे कोणी सांगितले आहे का. पुष्कळदा कागद तसाच परत येतो. पुष्कळदा घरात प्रथमच बोलणे होते.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील एक अत्यंत हुशार विद्यार्थी इतिहास घेऊन बी.ए.ला प्रथम श्रेणीत आला. त्याच सुमारास एका कार्यालयात लिपिक म्हणून त्याची निवड झाली होती. तो आमच्याकडे आला. आम्ही म्हणालो, लिपिक कोणीही होईल, तू प्राध्यापक हो. त्याने नोकरी नाकारली, एम.ए. केले, सेट उत्तीर्ण झाला. त्यानंतर नऊ वर्षे तो दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवीत आहे. तास झाला तर मानधन, नाही तर नाही. परीक्षांच्या आणि सुट्टीच्या महिन्यांत घरात काही येत नाही. कायम पदाच्या मुलाखतीला बोलावणे येते, तेव्हा गुणांखेरीज आणखी कशाची तरी विचारणा होते. ती कशाची, हे या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तो आम्हांला दोष देत नाही, दर विजयादशमीला भेटायला येतो. परंतु सल्ला आमचा होता आणि तो देताना आम्ही त्याला ना पदांच्या भरतीची स्थिती सांगितली, ना सेट आणि नेट यांतला फरक. सेटमुळे प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, संशोधनासाठी विद्यावेतन मिळत नाही. नेटमध्ये जे.आर.एफ. मिळाले, तर दरमहा सदतीस हजार रुपये मिळू शकतात आणि पीएच.डी.ची वर्षे घरावर ओझे न होता काढता येतात. ही माहिती त्या वेळी आम्हांलाच नीट नव्हती.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना जे सांगितले, ते आम्ही वंदनेनंतर मुलांना अनेकदा समजावून दिले आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपले गुरू म्हणतात म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. ‘आपले गुरू म्हणतात म्हणून’ यात आम्हीही येतो, हे आमच्या लक्षात यायला एका विद्यार्थ्याची नऊ वर्षे लागली.

तेव्हापासून आम्ही उत्तर देण्याऐवजी विचारू लागलो. कशासाठी शिकायचे आहे? जी कारणे ऐकू येतात, ती कोणालाही ठाऊक असलेलीच आहेत. काम मिळेना म्हणून. वसतिगृहातील जागा सुटू नये म्हणून. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आहे, तोवर कोठेतरी नाव असावे म्हणून. लग्न दोन वर्षे लांबावे म्हणून. यांतल्या शेवटच्या कारणाला आम्ही कधी हसत नाही. काही मुलींना त्या दोन वर्षांनी आयुष्य दिले आहे. वसतिगृहाचे कारणही खोटे नाही. एका खोलीच्या घरात चार माणसांत अभ्यास कसा होणार? मात्र ज्याला राज्यसेवेची परीक्षा द्यायची आहे, त्याने ती देण्याचे ठरवून, वर्षे मोजून द्यावी. एम.ए.ला केवळ बसण्याची जागा मानले, की दोन्ही हातचे जाते. एम.ए.चा प्रश्नही सापडत नाही आणि परीक्षेची वयोमर्यादाही सरते.

कोणता विषय, हाही प्रश्न भावनेने सुटत नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना, बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती आणि भर विज्ञान व तंत्रशिक्षणावर होता. कला आणि कायदा या शाखांचा आपल्या समाजाला फारसा उपयोग होणार नाही, अशा आशयाचे त्यांचे मत तेथे स्पष्ट नोंदलेले आहे. इतिहास शिकवून चरितार्थ चालवणाऱ्या आम्हांला हे बोचते. पण लपवून ठेवणे बरे नव्हे. १९४४ पासून सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ त्या काळच्या या प्रयत्नांत आहे. ज्या शिष्यवृत्तीवर आपल्या तीन पिढ्या शिकल्या, ती मागताना त्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा होत्या. आपली बहुसंख्य मुले अजून कला शाखेतच आहेत, कारण गावाजवळच्या महाविद्यालयात तेवढीच शाखा असते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. केंद्राच्या योजनेत एकूण १२५ जागा. २०२२ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचनांत अशी अट आली, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून करता येणार नाहीत. हे वाचले, तेव्हा आम्हांला १९१६ चे ते चर्चासत्र आठवले. भारतातील जाती हा विषय घेऊन आज एखादा भीमराव अर्ज करील, तर तो कोणत्या रकान्यात बसेल? ज्या विषयांवर प्रश्न विचारणे कोणाला तरी गैरसोयीचे वाटते, त्या विषयांत आपली मुले असलीच पाहिजेत. १९४२ चे मत आणि २०२२ ची अट या दोन्ही गोष्टी आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. निवड त्यांनी करायची.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. जात वैधता प्रमाणपत्र पदवीच्या पहिल्याच वर्षी काढून ठेवावे. उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा मागितला आहे, ते नीट वाचावे. आमच्या माहितीत दोन मुलांचे अर्ज केवळ त्यावरून गेले. केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येते, निकालापर्यंत थांबू नये. आणि मोठ्या विद्यापीठात पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीमुळे जो घाम फुटतो, तो जवळजवळ सर्वांना फुटतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे त्यातून गेले आहेत, त्यांनी नव्याने जाणाऱ्याला महिन्यातून एक फोन केला, तरी पुष्कळ काम होईल.

मागच्या अशोक विजयादशमीला तो तासिकेवरचा विद्यार्थी नेहमीप्रमाणे शाळेत आला. या वेळी सोबत भाची होती. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. तिला एम.एस्सी.ला जायचे होते. आम्ही काही बोलण्याआधी मामानेच तिला विचारायला सुरुवात केली. काय शोधायचे आहे? तिने सांगितले, की गावच्या वस्तीतल्या बोअरचे पाणी प्यायल्याने माणसांचे दात पिवळे पडतात, वरच्या आळीतल्या विहिरीचे तसे होत नाही. ते का, हे तिला स्वतः तपासायचे आहे. वर्षे किती, शुल्क किती, वसतिगृह मिळाले नाही तर काय, नोकरी कोठे लागू शकेल, हे सगळे त्याने खोदून विचारले. तिने वहीत लिहून आणले होते. आम्ही नेहमीचा कागद पुढे केला. तिने तीन नावे लिहिली : आई, आजी आणि धाकटा भाऊ. भावाचा आय.टी.आय.चा प्रवेश तिच्या शुल्कासाठी एक वर्ष पुढे ढकलायचे घरात ठरले होते.

मामाने भावाच्या नावावर बोट ठेवले. ‘याला विचारलंस?’

तिने विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला घेऊन शाळेत आली.